औषध रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचावे यासाठी : सार्वजनिक आरोग्य सेवेतील पुरवठा साखळी आणि तिच्या व्यावसायिक शिक्षणाची गरज

औषधाचा शोध लागणे, त्याचे उत्पादन होणे आणि शासनाने त्याच्या खरेदीसाठी निधी मंजूर करणे या तिन्ही गोष्टी पूर्ण झाल्यानंतरही एक टप्पा शिल्लक राहतो. तो म्हणजे ते औषध योग्य स्थितीत, योग्य वेळी, गरजू व्यक्तीच्या हातात पडणे. सर्पदंश झालेला शेतकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचतो, त्या वेळी प्रतिविषाची कुपी तेथील कपाटात असणे किंवा नसणे यावर त्याचे जीवन अवलंबून असते. जिल्ह्याच्या भांडारात अशा कुप्या शेकड्यांनी पडून असल्या, तरी त्या क्षणी त्याला त्यांचा काहीही उपयोग नसतो. हा अखेरचा टप्पा सुरळीत पार पाडणाऱ्या व्यवस्थेला पुरवठा साखळी व्यवस्थापन असे म्हणतात. गेल्या काही दशकांत या विषयाने स्वतंत्र ज्ञानशाखेचे रूप धारण केले असून, भारतासारख्या विस्तीर्ण देशात आरोग्य सेवेचे यशापयश बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहे.

संकल्पना आणि पार्श्वभूमी

पुरवठा साखळी म्हणजे केवळ मालाची वाहतूक नव्हे. गरजेचा अंदाज, खरेदी, गुणवत्ता तपासणी, साठवण, वाटप, मुदतबाह्य मालाची विल्हेवाट आणि या सर्व टप्प्यांवरील माहितीची देवाणघेवाण या सगळ्यांचा तीत अंतर्भाव होतो. साठा किती असावा याचा गणिती विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाला होता. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका खेपेस किती माल मागवणे किफायतशीर ठरते याचे सूत्र मांडले. मात्र खरेदी, साठवण आणि वाहतूक ही तीन स्वतंत्र खाती नसून एकाच साखळीचे दुवे आहेत, हा विचार रूढ होण्यास बराच काळ जावा लागला. ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ ही संज्ञा १९८२ मध्ये व्यवस्थापन सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी प्रचारात आणली, असे मानले जाते.

या शास्त्रातील एक महत्त्वाचे निरीक्षण ‘आसूड-परिणाम’ या नावाने ओळखले जाते. आसूड धरणाऱ्याच्या मनगटाची लहानशी हालचाल टोकाशी मोठा फटकारा निर्माण करते, त्याचप्रमाणे ग्राहकाच्या मागणीतील किरकोळ चढउतार साखळीत मागे सरकताना मोठे होत जातात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये या प्रक्रियेचे विवेचन केले, तर हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये तिच्या कारणांची संगतवार मांडणी केली. टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदविणे हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय.

सरकारी आरोग्य केंद्रांच्या बाबतीत हे कारण सहज समजण्याजोगे आहे. एखाद्या केंद्राने मागितलेल्या मालापैकी निम्माच माल मिळाला, तर पुढील वेळी ते केंद्र दुप्पट मागणी नोंदविते. शेजारची केंद्रेही तेच करतात. जिल्हा भांडाराला गरज अचानक वाढल्याचा भास होतो, राज्य पातळीवर त्याहून मोठी खरेदी होते आणि काही महिन्यांनी तोच माल कपाटात मुदतबाह्य होऊन पडतो. टंचाई आणि नासाडी या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच भांडारात एकाच वर्षी आढळतात, त्याचे मूळ बहुधा येथे असते.

खरेदीची शिस्त : तामिळनाडूचा प्रयोग

औषध खरेदीच्या क्षेत्रात देशात सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रयोग तामिळनाडूचा आहे. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि १९९५ च्या प्रारंभी त्याचे कामकाज सुरू झाले. त्यापूर्वी विविध रुग्णालये आणि कार्यालये स्वतंत्रपणे खरेदी करीत असत. महामंडळाने अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी निश्चित केली, त्यांची खरेदी जेनेरिक नावाने एकत्रितपणे करण्यास प्रारंभ केला आणि जिल्हानिहाय गोदामे उभारली.

या प्रयोगाची तीन वैशिष्ट्ये विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले म्हणजे दोन लिफाफ्यांची निविदा पद्धत. उत्पादकाची तांत्रिक पात्रता पहिल्या लिफाफ्यात तपासली जाते आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचाच दरांचा दुसरा लिफाफा उघडला जातो. दुसरे म्हणजे गुणवत्ता तपासणी. गोदामात आलेल्या मालाचे नमुने, उत्पादकाची ओळख झाकून केवळ सांकेतिक क्रमांकासह, प्रयोगशाळेत पाठविले जातात आणि अनुकूल अहवाल आल्यानंतरच माल वाटपासाठी मोकळा केला जातो. तिसरे वैशिष्ट्य पासबुकाचे. प्रत्येक रुग्णालयास व आरोग्य केंद्रास ठराविक रकमेची तरतूद पासबुकात दाखविली जाते आणि त्या मर्यादेत आपल्या गरजेनुसार गोदामातून औषधे उचलण्याचे स्वातंत्र्य त्यास असते.

पासबुकाची ही कल्पना साधी दिसली, तरी तिच्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. वरून ठरलेला माल खाली ढकलण्याऐवजी खालच्या गरजेने माल ओढून घेण्याची मुभा येथे मिळते. हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या केंद्राला आणि शहरालगतच्या केंद्राला एकाच मापाने औषधे मिळण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो. पुढे केरळ व राजस्थान यांसारख्या राज्यांनी अशाच स्वरूपाची महामंडळे स्थापन केली. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालेली मोफत औषध योजना तेथील महामंडळाच्या आधारे राबविण्यात आली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले आहे.

कोणती औषधे अत्यावश्यक मानावीत याचा आधार अत्यावश्यक औषधांच्या सूचीतून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली आदर्श सूची १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. भारताची पहिली राष्ट्रीय सूची १९९६ मध्ये तयार झाली आणि २०२२ च्या सुधारित सूचीत ३८४ औषधांचा समावेश करण्यात आला. सूची आटोपशीर असली की खरेदी, साठवण आणि वापर या तिन्हींवर लक्ष ठेवणे सुकर होते.

साठ्याचे नियोजन

भांडारातील शेकडो वस्तूंकडे सारखेच लक्ष देणे शक्य नसते. त्यामुळे त्यांचे दोन प्रकारे वर्गीकरण करण्यात येते. ‘एबीसी’ वर्गीकरणात वार्षिक खर्चाचा निकष लावला जातो. थोड्याच वस्तूंवर एकूण खर्चाचा मोठा हिस्सा पडत असल्याने त्यांच्या खरेदीवर बारकाईने नजर ठेवावी लागते. दुसऱ्या वर्गीकरणात प्राणरक्षक, आवश्यक आणि इष्ट असे तीन गट पाडले जातात. सर्पदंशावरील प्रतिविष स्वस्त असो वा महाग, ते प्राणरक्षक गटात मोडते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनही त्याच गटातील आहे. या गटातील वस्तूंचा साठा कोणत्याही परिस्थितीत शून्यावर येऊ देऊ नये, हा पहिला नियम होय. दोन्ही वर्गीकरणे एकत्रित विचारात घेतल्यास, किंमत कमी म्हणून दुर्लक्षित राहणारी परंतु जीव वाचविणारी औषधे नजरेआड होत नाहीत.

माल कधी मागवावा याचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या केंद्रात एका औषधाच्या महिन्याला ६०० पट्ट्या लागतात, मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास २ महिने लागतात आणि अडीअडचणीसाठी १ महिन्याचा राखीव साठा ठेवावयाचा आहे, असे मानू. दोन महिन्यांच्या १,२०० आणि राखीव ६०० मिळून १,८०० पट्ट्या शिल्लक असतानाच नवी मागणी नोंदविली पाहिजे. माल ठरल्याप्रमाणे आला, तर त्या दिवशी कपाटात ६०० पट्ट्या शिल्लक असतील. उशीर झाला, तर हाच साठा रुग्णांची सोय करील. शिल्लक ६०० वर आल्यावर मागणी करणाऱ्या केंद्रात मात्र महिनाभर रुग्णांना रिकाम्या हाताने परतावे लागेल.

या गणितात एक चूक वारंवार होते. समजा, सहा महिन्यांत २,४०० पट्ट्यांचे वाटप झाले, परंतु त्यांपैकी दोन महिने औषध उपलब्धच नव्हते. एकूण वाटपाला सहाने भागल्यास मासिक गरज ४०० पट्ट्या दिसते. वस्तुतः औषध उपलब्ध असलेल्या चार महिन्यांत दरमहा ६०० पट्ट्या लागल्या होत्या. चुकीच्या सरासरीवर आधारलेली पुढील मागणी पुन्हा अपुरी पडते आणि टंचाईच टंचाईला जन्म देते. म्हणूनच ज्या काळात साठा शून्य होता त्या काळाची नोंद ठेवणे आणि तो काळ सरासरीतून वगळणे ही उत्तम कार्यपद्धती समजली जाते. अशी नोंद ठेवल्याबद्दल कर्मचाऱ्यास दोष लावला जाणार नाही, याची हमी मात्र वरिष्ठांनी दिली पाहिजे. अन्यथा नोंदवहीत साठा कधीच संपत नाही आणि रुग्णाला औषध कधीच मिळत नाही.

वाटपाच्या वेळी ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर पडावा, हा दुसरा नियम. माल आल्याच्या क्रमापेक्षा मुदतीच्या तारखेला येथे प्राधान्य असते. त्यासाठी नवी खोकी मागे व जुनी पुढे ठेवणे, मुदतीची तारीख खोक्याच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत लिहिणे आणि प्रत्येक वस्तूच्या बिन कार्डावर प्रत्येक व्यवहार त्याच वेळी नोंदविणे, एवढी साधी शिस्तही मोठे नुकसान टाळू शकते.

शीतसाखळीचे नाजूक गणित

लसींच्या बाबतीत साखळी आणखी नाजूक असते. भारताचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्याचे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात रूपांतर झाले. उत्पादकाकडून निघालेली लस कर्नाल, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील केंद्रीय भांडारांतून राज्याच्या, नंतर विभागाच्या व जिल्ह्याच्या भांडारात आणि तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. लसीकरणाच्या दिवशी ती व्हॅक्सिन कॅरियरमधून गावातील सत्राच्या ठिकाणी जाते. या संपूर्ण प्रवासात बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात राहणे आवश्यक असते.

उष्णतेने लस निकामी होते, ही गोष्ट सर्वसाधारणपणे ठाऊक असते. गोठण्यानेही अनेक लसी कायमच्या निरुपयोगी होतात, याची जाणीव तुलनेने कमी असते. हेपॅटायटिस-बी, पंचगुणी लस आणि धनुर्वात-घटसर्पाची लस या गटात येतात. पाहण्यास ती कुपी पूर्ववत दिसू शकते, तिचे इंजेक्शनही दिले जाते, परंतु बालकास अपेक्षित संरक्षण मिळत नाही. आईच्या हातातील पत्रकावर लसीकरण पूर्ण झाल्याची नोंद राहते. पुरवठा साखळीतील अशी चूक महिनोन्‌महिने कोणाच्याही लक्षात येत नाही.

हे टाळण्यासाठी आखलेल्या पद्धती अत्यंत व्यवहार्य आहेत. डीप फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाच्या पिशव्या थेट कॅरियरमध्ये न ठेवता काही वेळ बाहेर ठेवाव्या लागतात. पिशवी कानाजवळ धरून हलविली असता आत पाण्याचा आवाज येऊ लागला, की ती वापरण्यास योग्य झाली असे समजतात. गोठणाऱ्या लसी शीतकपाटाच्या तळाशी न ठेवता टोपलीत ठेवल्या जातात. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही, करणे अपेक्षित असते. एखादी लस गोठली असल्याचा संशय आल्यास, मुद्दाम गोठवून वितळविलेल्या कुपीसोबत ती हलवून ठेवतात आणि दोन्हींतील गाळ बसण्याच्या वेगाची तुलना करतात.

उष्णतेची खूण कुपीवरच उपलब्ध असते. जागतिक स्तरावर १९९६ पासून पोलिओ लसीच्या कुपीवर तापमानदर्शक चिन्ह लावण्यास प्रारंभ झाला. वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तोवर ती कुपी उष्णतेच्या दृष्टीने वापरण्याजोगी असते. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, की ती बाजूला काढावी लागते. प्रयोगशाळा नसलेल्या वाडीवरही आरोग्यसेविकेला निर्णय घेता येतो, हे या छोट्या चिन्हाचे मोठे योगदान होय. भारतातील पोलिओच्या अखेरच्या रुग्णाची नोंद १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या यशामागे लाखो स्वयंसेवकांबरोबरच अखंड राहिलेली शीतसाखळीही होती.

माहितीचे जाळे : ई-विन

आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने ‘ई-विन’ अर्थात इलेक्ट्रॉनिक लस माहिती जाळे उभारले. २०१५ मध्ये १२ राज्यांपासून त्याचा विस्तार सुरू झाला. या व्यवस्थेत आरोग्य केंद्रातील शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी लसीकरणाच्या दिवशी साठ्याच्या नोंदी मोबाइल फोनवरून करतो. शीतकपाटात बसविलेले संवेदक तापमान सतत नोंदवितात आणि ते मर्यादेबाहेर गेल्यास संबंधितांना संदेश पाठवितात. त्यामुळे रात्री वीज गेल्याचे दुसऱ्या दिवशी दुपारी कळण्याऐवजी तत्काळ कळू शकते.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे साठ्याची माहिती सर्व स्तरांवर एकाच वेळी दिसू लागली. एका केंद्रात लस संपत आली आणि वीस किलोमीटरवरील दुसऱ्या केंद्रात ती गरजेपेक्षा अधिक आहे, असे आढळल्यास जिल्हा अधिकारी ती हलवू शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये शासनाने दिलेल्या माहितीनुसार, तोपर्यंत ४१ हजारांहून अधिक शीतसाखळी कर्मचाऱ्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले होते. तंत्रज्ञानाची चर्चा करताना हा आकडा विसरता कामा नये. संवेदक धोक्याचा इशारा देतो, परंतु लसी उचलून सुरक्षित जागी ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

कोविड महासाथीच्या काळात या पूर्वतयारीचा उपयोग झाला. १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून लसीच्या पहिल्या खेपा रवाना झाल्या आणि १६ जानेवारी रोजी लसीकरणास प्रारंभ झाला. २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत १०० कोटी मात्रा देण्यात आल्या होत्या. देशात प्रामुख्याने वापरण्यात आलेल्या लसी २ ते ८ अंश तापमानात साठविता येण्याजोग्या होत्या. त्यामुळे बालकांच्या लसीकरणासाठी अनेक वर्षे उभारलेली शीतसाखळी त्यांच्याही कामी आली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी मणिपूरमधील बिष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातील कारांग बेटावर ड्रोनद्वारे लस पाठविण्यात आली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेले हे अंतर हवाई मार्गाने १५ किलोमीटर होते आणि ते १२ ते १५ मिनिटांत पार करण्यात आले.

प्राणवायूचा धडा

साखळीची ताकद तिच्या सर्वांत अशक्त दुव्याइतकीच असते, याचा कठोर प्रत्यय देशाने २०२१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत घेतला. पहिल्या लाटेत वैद्यकीय प्राणवायूची कमाल मागणी दररोज सुमारे ३ हजार टन होती. दुसऱ्या लाटेत ती सुमारे ९ हजार टनांवर गेली. द्रवरूप प्राणवायूचे मोठे प्रकल्प पोलाद कारखान्यांच्या आसपास, मुख्यत्वे पूर्वेकडील राज्यांत होते, तर त्या वेळची तीव्र गरज महाराष्ट्र, दिल्ली आणि उत्तरेकडील अन्य राज्यांत होती. उणे १८३ अंशांच्या आसपासच्या तापमानात द्रवरूप राहणारा हा वायू वाहून नेण्यास खास टँकर लागतात आणि त्यांची संख्या मर्यादित होती. उत्पादन वाढविल्याने प्रश्न सुटत नव्हता, कारण अडथळा टँकरमध्ये आणि अंतरात होता.

यावर उपाय म्हणून रेल्वेने प्राणवायू एक्स्प्रेस गाड्या सुरू केल्या. १९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईजवळील कळंबोली येथून रिकामे टँकर घेऊन पहिली गाडी विशाखापट्टणमकडे निघाली आणि भरलेले टँकर घेऊन ती २३ व २४ एप्रिल रोजी अनुक्रमे नागपूर व नाशिक येथे पोहोचली. टँकरची उंची, घाटातील बोगदे आणि विजेच्या तारा यांचा मेळ घालून मार्ग निश्चित करावा लागला. वायुदलाच्या विमानांनी रिकामे टँकर प्रकल्पांपर्यंत पोहोचविले. भरलेले टँकर विमानातून नेणे सुरक्षित नसल्याने परतीचा प्रवास रस्त्याने किंवा रेल्वेनेच करणे भाग होते. नायट्रोजन व आर्गॉन वाहणारे टँकरही प्राणवायूसाठी रूपांतरित करण्यात आले.

या प्रयत्नांनी अनेकांचे प्राण वाचले, परंतु दरम्यान अनेक कुटुंबांनी सिलिंडरच्या शोधात आप्तेष्ट गमावले. संकट आल्यानंतर साखळी उभारण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हा त्या दिवसांचा धडा आहे. सर्वांत अशक्त दुवा कोणता, हे शांततेच्या काळात शोधून ठेवणे ही पुरवठा व्यवस्थापनाची मूलभूत जबाबदारी होय.

मनुष्यबळ आणि व्यावसायिक विकास

पुरवठा साखळीच्या या सर्व पैलूंमध्ये दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला घटक म्हणजे ती चालविणारा कर्मचारी. आरोग्य केंद्रातील भांडाराचे काम बहुधा औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे किंवा आरोग्यसेविकेकडे अतिरिक्त जबाबदारी म्हणून येते. औषधाचे गुणधर्म त्यांना शिकविलेले असतात, मागणीचा अंदाज बांधणे मात्र ते अनुभवाने, प्रसंगी चुका करून शिकतात. या उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी २०११ मध्ये जिनिव्हा येथे ‘पीपल दॅट डिलिव्हर’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पदे भरलेली असणे, त्या पदावरील व्यक्तीकडे कौशल्य असणे, काम करण्यास योग्य परिस्थिती मिळणे आणि कामाची उमेद टिकणे या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय पुरवठा सुधारत नाही, अशी त्याची भूमिका आहे. केवळ प्रशिक्षण वर्ग भरविणे हा त्यामुळे अपुरा उपाय ठरतो.

व्यापक पुरवठा क्षेत्रात व्यावसायिक संस्थांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झालेली ‘एपिक्स’ ही संस्था उत्पादन, साठा व पुरवठा साखळी या विषयांतील प्रमाणपत्र परीक्षांसाठी ओळखली जाते. ती आता पुरवठा साखळी व्यवस्थापन संघटना या व्यापक नावाने कार्य करते. ब्रिटनमधील खरेदी व पुरवठा क्षेत्रातील सनदी संस्थेची मुळे १९३२ पर्यंत जातात. भारतात नवी मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय सामग्री व्यवस्थापन संस्था नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालविते. मुंबईतील औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली आणि २०२३ मध्ये तिला भारतीय व्यवस्थापन संस्थेचा दर्जा मिळाला. वडोदरा येथील गतिशक्ती विश्वविद्यालयात वाहतूक व पुरवठा विषयांचे पदवी शिक्षण उपलब्ध आहे.

आरोग्य क्षेत्रासाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थेत शीतसाखळी व लस व्यवस्थापनाचे राष्ट्रीय संसाधन केंद्र कार्यरत आहे. पुणे येथील राष्ट्रीय केंद्रात शीतकपाटे व तत्सम उपकरणांच्या दुरुस्तीचे प्रशिक्षण तंत्रज्ञांना दिले जाते. बंद पडलेले शीतकपाट दुरुस्त होण्यास लागणारा वेळ हा पुरवठा साखळीचाच भाग आहे, ही दृष्टी त्यामागे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१० मध्ये सुरू केलेली परिणामकारक लस व्यवस्थापन मूल्यांकन पद्धती तापमान, साठवण क्षमता, देखभाल, साठा व्यवस्थापन, वितरण इत्यादी निकषांवर भांडारांना गुण देते. प्रत्येक निकषावर किमान ८० टक्के गुण अपेक्षित असतात. एका निकषातील उत्तम कामगिरीने दुसऱ्यातील उणीव झाकली जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

प्रशिक्षणाच्या पद्धतीविषयी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. वर्गातील व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष कपाटासमोर उभे राहून केलेली उजळणी अधिक टिकते. पर्यवेक्षकाने भेटीच्या वेळी नोंदवहीवर केवळ स्वाक्षरी न करता एखादी वस्तू निवडून कपाटातील संख्या व बिन कार्डावरील संख्या जुळवून पाहावी, फरक आढळल्यास कर्मचाऱ्यासोबत बसून त्याचे कारण शोधावे आणि पुढील भेटीत त्याच वस्तूपासून आरंभ करावा, अशी पद्धत अनुकरणीय समजली जाते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडून नव्या कर्मचाऱ्याकडे कार्यभार सोपविताना प्रत्यक्ष मोजणी करणे हाही तिचाच भाग आहे.

उत्तम कार्यपद्धतीची सूत्रे

वरील विवेचनातून काही सूत्रे हाती येतात. मागणीचा आधार प्रत्यक्ष वापराच्या नोंदी असाव्यात, मागील वर्षाच्या पुरवठ्याचे आकडे नव्हेत. साठ्याची माहिती सर्व स्तरांना एकाच वेळी दिसावी. प्राणरक्षक औषधांसाठी राखीव साठा अनिवार्य असावा. खरेदी, गुणवत्ता तपासणी आणि देयक यांसाठी निश्चित कालमर्यादा असाव्यात, कारण पुरवठादाराचे पैसे दीर्घकाळ थकल्यास पुढील निविदेत चांगले उत्पादक सहभागी होत नाहीत. अतिरिक्त साठा शेजारच्या केंद्राकडे वळविण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यास असावा. मुदतबाह्य औषधांची नोंद लपविण्याची गरज वाटू नये, तिच्यातून पुढील अंदाज सुधारावा. आणि भांडाराचे काम स्वतंत्र कौशल्याचे काम आहे, हे पदरचना, वेतन व बढतीच्या नियमांत प्रतिबिंबित व्हावे.

देशाच्या आरोग्य सेवेची चर्चा प्रामुख्याने डॉक्टरांची संख्या, रुग्णालयांतील खाटा आणि अर्थसंकल्पातील तरतूद या मुद्द्यांभोवती होते. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, दुर्गम गावातील माता तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन काही मैल चालत लसीकरणाच्या ठिकाणी येते, तेव्हा त्या दिवसाची मजुरी तिने सोडलेली असते. लस नसल्याने तिला परत जावे लागले, तर ती पुढील महिन्यात पुन्हा येईलच याची शाश्वती देता येत नाही. आरोग्य व्यवस्थेवरील तिचा विश्वास त्या एका कुपीत सामावलेला असतो. आदल्या सायंकाळी शीतकपाटाचे तापमान पाहून नोंद करणारा, उद्याच्या सत्रासाठी कुप्या मोजून ठेवणारा आणि बर्फाची पिशवी कानाशी धरून हलविणारा कर्मचारी हा विश्वास राखत असतो. त्याच्या कामाला शास्त्राचे अधिष्ठान आणि व्यवसायाचा दर्जा मिळवून देणे, हेच पुरवठा साखळी व्यवस्थापनातील व्यावसायिक विकासाचे प्रयोजन होय.